कुठे अडले? न उघडणाऱ्या पानांचा इतिहास

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळचा खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुका सुरू होतो आणि लगेच कोन लागते. समजा, या गावातल्या एका घरात दहावी झालेली मुलगी संगणकासमोर बसली आहे. तिला अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा आहे. मुंबई महानगर प्रदेशात हे प्रवेश २००९ सालापासून ऑनलाइन होऊ लागले, त्यामुळे पान उघडले नाही तर अर्ज नाही. मुदतीचा एकच दिवस उरला आहे. ती पत्ता टंकते, थोडा वेळ थांबते. पान काही उघडत नाही. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना येते, पण ती वाचायच्या आधीच घरातले सगळे भोवती जमतात.

"नेट गेलं असणार," वडील म्हणतात. "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावा लागेल," मोठा भाऊ म्हणतो. "बंद करून चालू कर बघू," शेजारचे काका सुचवतात.

तिघांनीही निदान केले, पण तपासणी कोणीच केली नाही. यातला मधला उपाय तर धोक्याचा आहे. फॉरमॅट केले की मुलीने स्कॅन करून ठेवलेली गुणपत्रिकाही पुसली जाईल आणि दोष दुसरीकडे असेल तर पान तरीही उघडणार नाही.

असे प्रसंग आपल्या शाळांतही रोज घडतात. संगणक कक्षात पान उघडले नाही की "आज नेट नाही" असे म्हणून तास संपतो. वास्तविक पान न उघडणे हा एक बिघाड नाही, ते एक लक्षण आहे. ताप जसा अनेक रोगांत येतो, तसे हे लक्षण अनेक बिघाडांत दिसते. त्यामागचा बिघाड कुठे आहे हे शोधण्याची पद्धत माणसाने कशी घडवली, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. इंटरनेटच्या कितीतरी आधी त्याची सुरुवात होते, आणि त्यात मुंबईचाही भाग आहे.

साखळीतल्या कड्या

कोनमधल्या घरापासून अर्जाच्या पानापर्यंतची वाट आधी डोळ्यासमोर आणू. संगणकातून निघालेली मागणी घरातल्या राउटरकडे जाते. तिथून तारेने किंवा काचतंतूने सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जाते. पत्त्यातल्या नावाचा क्रमांक कोणता, हे एका वेगळ्या संगणकाला विचारावे लागते. मग एकामागून एक राउटर ती मागणी पुढे ढकलतात. ज्या संगणकावर पान ठेवलेले आहे, त्याला आपण सर्व्हर म्हणतो. तो देशात असेल, नाहीतर समुद्रापलीकडे असेल. तो मागणी वाचतो आणि पान पाठवतो, ते पुन्हा तुकड्यातुकड्यांनी परत येते. यातली कोणतीही एक कडी सुटली तरी घरातल्या माणसाला दिसते ते एकच: पान उघडत नाही.

भिवंडीच्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. मागावर ताण्याचा धागा तुटला तर कारागीर सगळा माग खोलत बसत नाही. धागा कुठपर्यंत शाबूत आहे हे तो पाहत जातो आणि तुटलेल्या जागी गाठ मारतो. आपल्या इतिहासातल्या प्रत्येक शोधात हाच प्रश्न निरनिराळ्या रूपात विचारलेला दिसेल: कुठपर्यंत ठीक आहे?

समुद्रात बुडालेली तार

१८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची तार टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई समुद्री तारांनी लंडनशी जोडली गेली. वाटेत सुएझ ते अलेक्झांड्रिया हा इजिप्तचा चिंचोळा पट्टा होता. तो लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

संदेश जाईनासा झाला तर शेकडो मैलांची तार बाहेर काढून पाहणे अशक्य होते. तार कुठे तुटली हे किनाऱ्यावर बसूनच ठरवायचे होते. यासाठी त्या काळच्या अभियंत्यांनी विद्युतरोधाचा उपयोग केला. तारेचा रोध तिच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. समजा, एका तारेचा रोध दर मैलाला ५ ओहम आहे. तार तुटून तिचे टोक समुद्राच्या पाण्याला टेकले आहे. किनाऱ्यावरून मोजल्यावर ६०० ओहम रोध मिळाला, तर बिघाड सुमारे १२० मैलांवर असला पाहिजे. प्रत्यक्षात तुटलेल्या जागेचा स्वतःचा रोधही यात मिसळतो. म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरून मोजून ताळा पाहत. मग दुरुस्तीचे जहाज नेमक्या त्या भागात जाई.

शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे बिघाड शोधायच्या कामी आला. तारेला हात न लावता, फक्त एक प्रश्न विचारून आणि आलेले उत्तर मोजून दूरचा दोष ओळखता येतो, हे या काळात सिद्ध झाले. पुढचे सर्व शोध याच वाटेने गेले.

एका संध्याकाळचे काम

आता १९८३ सालात येऊ. त्या वर्षाच्या १ जानेवारीला अमेरिकेतल्या अर्पानेट या संगणकजालाने आजच्या इंटरनेटचे नियम, म्हणजे टीसीपी आणि आयपी, स्वीकारले. डिसेंबर महिन्यात मेरीलँड राज्यातल्या सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस हा तरुण अभियंता जालाच्या विचित्र वागण्याने हैराण झाला होता. त्याने एका संध्याकाळी एक छोटा कार्यक्रम लिहिला. एखाद्या संगणकाला "आहेस का?" असे विचारायचे, त्याने "आहे" म्हणायचे आणि जाण्यायेण्याला किती वेळ लागला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. पाणबुडी शोधताना सोनार यंत्रातून ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनीची वाट पाहतात. त्या आवाजावरून म्यूसने कार्यक्रमाला नाव दिले 'पिंग'.

पिंग आजही जवळजवळ प्रत्येक संगणकात असते. आपल्या राउटरला पिंग केले आणि उत्तर आले, तर घरातली कडी शाबूत. बाहेरच्या एखाद्या संगणकाकडून उत्तर आले, तर कंपनीपर्यंतची आणि पलीकडचीही वाट शाबूत. मात्र एक सावधगिरी हवी. काही सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर आले तर वाट ठीक आहे हे सिद्ध होते, पण उत्तर न आल्याने वाट बंद आहे हे सिद्ध होत नाही. पुरावा असणे आणि पुरावा नसणे यांतला हा फरक विज्ञानाच्या तासाला अवश्य सांगावा.

नावांची वही

संगणक एकमेकांना क्रमांकाने ओळखतात, माणसांना नावे लक्षात राहतात. अर्पानेटच्या काळात नावे आणि क्रमांक यांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या विभागात ती सांभाळली जाई. नवा संगणक जोडला की तिथे कळवायचे, ते यादीत नोंद करीत आणि इतरांनी यादी उतरवून घ्यायची. संगणक थोडे होते तोवर हे निभावले. पुढे यादी मोठी झाली, ती उतरवून घेणाऱ्यांची गर्दी झाली आणि कुणाकडे नवी तर कुणाकडे जुनी यादी राहू लागली. जुनी यादी असणाऱ्याला नवा संगणक सापडत नसे. तार शाबूत होती, संगणक चालू होता, तरी गाठ पडत नव्हती. बिघाड फक्त वहीत होता.

१९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यावर उपाय मांडला. एकच वही ठेवण्याऐवजी कामाची वाटणी करायची. शेवटचा शब्द कोण सांभाळतो ते एकाने सांगायचे, त्याने पुढच्या शब्दाच्या मालकाकडे धाडायचे. या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. १९८९ साली भारताला '.इन' हे शेवटचे नाव मिळाले. मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था ते सांभाळू लागली. २००५ साली हे काम निक्सी या संस्थेकडे गेले.

घरच्या संगणकावर ही कडी तपासणे सोपे आहे. एखाद्या माहीत असलेल्या क्रमांकाला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला पिंग करावे (टंकताना अर्थातच इंग्रजी आकडे वापरायचे). मग एखाद्या नावाला करून पाहावे. क्रमांकाचे उत्तर आले आणि नावाचा क्रमांकच सापडला नाही, तर तार ठीक आहे, वही बिघडली आहे.

चारशे यार्डांची कोंडी

ऑक्टोबर १९८६ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडली. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर होते सुमारे ४०० यार्ड. त्यांच्यातला माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकदम ४० बिटांवर घसरला, म्हणजे ८०० पटींनी. दोन हजार अक्षरांचे एक पत्र म्हणजे साधारण १६,००० बिट. ते पाठवायला एरवी अर्धा सेकंद पुरे, आता ४०० सेकंद लागणार. तेवढ्या वेळात पत्र हातात घेऊन चालत जाऊन देता आले असते!

यंत्रे बिघडलेली नव्हती, तारही तुटली नव्हती. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने कारण शोधले. वाटेत गर्दी झाली की काही तुकडे हरवत. पाठवणारा संगणक ते पुन्हा पाठवी. त्यामुळे गर्दी वाढे, आणखी तुकडे हरवत, आणखी पुन्हा पाठवले जात. प्रत्येक संगणक आपापल्या परीने शहाणपणाने वागत होता आणि सगळे मिळून वाट बुजवत होते. जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला: तुकडा हरवला की त्याला गर्दीची खूण समजायचे, वेग एकदम कमी करायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. ही शिस्त आज आपल्या संगणकांत आणि फोनमध्ये न दिसता काम करीत असते.

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. महाराष्ट्रात सुमारे १५ लाख मुले परीक्षेला बसतात. सगळ्यांनी पहिल्या दहा मिनिटांत निकालाचे पान मागितले, तर सेकंदाला २,५०० मागण्या होतात. पान आले नाही म्हणून प्रत्येकाने पाच पाच वेळा बटण दाबले, तर त्या १२,५०० होतील. यंत्रांनी १९८८ साली शिकलेला धडा माणसांनी अजून शिकायचा आहे. गर्दीत पुन्हा पुन्हा मागण्यापेक्षा थोडे थांबून मागणे सगळ्यांच्याच हिताचे असते.

जेकबसन यांनी याच सुमारास 'ट्रेसराउट' नावाचा आणखी एक कार्यक्रम लिहिला. इंटरनेटवरच्या प्रत्येक तुकड्यावर एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की राउटर तो तुकडा टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. वाट चुकलेले तुकडे कायम फिरत राहू नयेत म्हणून ही सोय होती. जेकबसन यांनी तिचा वेगळाच उपयोग केला. पहिला तुकडा १ आकडा लिहून पाठवायचा: पहिला राउटर "माझ्यापाशी संपला" असे कळवतो. मग २, मग ३. अशी एकेक मुक्कामाची नावे मिळत जातात. जिथे उत्तरे कायमची थांबतात, त्याच्या आसपास घोटाळा असण्याचा संभव असतो. तारेच्या काळात जे काम ओहमने केले, ते इथे एका उतरत्या आकड्याने केले.

मुंबई, १५ ऑगस्ट १९९५

भारतात संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट प्रकल्प १९८६ साली सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि वर उल्लेख केलेली जुहूची संस्था होती. तिचे संचालक श्रीनिवासन रमणी होते. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेमुळे. नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आले.

सेवा सुरू झाली आणि लगेच अडचणीही सुरू झाल्या. मागणी अंदाजापेक्षा जास्त होती, दूरध्वनीच्या वाहिन्या अपुऱ्या पडल्या, जोडणी मिळेना. निगमाचे तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी चूक झाल्याचे जाहीरपणे मान्य केले. सार्वजनिक संस्थेच्या प्रमुखाने असे उघड बोलणे तेव्हा दुर्मीळच होते.

त्या काळी घरच्या संगणकावर पान उघडणे हा एक सोहळा होता. मोडेम दूरध्वनीचा क्रमांक फिरवी, पलीकडच्या मोडेमशी किरकिर-खरखर करीत वेग ठरवी आणि मग जोडणी होई. नेहमी वापरणारा माणूस त्या आवाजावरूनच सांगे की आज जमणार की नाही. घरात कुणी समांतर फोन उचलला की जोडणी तुटे. कॉल वेटिंगची 'टुक' आली तरी तुटे. जुन्या केंद्रांवर मोडेमला टोनऐवजी पल्सने क्रमांक फिरवायला सांगावे लागे. भिवंडीचा एसटीडी क्रमांक ०२५२२, मुंबईचा ०२२. म्हणजे मुंबईचा क्रमांक फिरवायचा तर तो गावातला फोन नव्हे, आणि दर फसलेल्या जोडणीचे पैसे वेगळे.

वेगाचे गणित मुलांना करायला द्यावे. सुरुवातीचा एक सर्वसाधारण वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. १०० किलोबाइटचे चित्र म्हणजे सुमारे ८ लाख बिट. ते उतरायला ८३ सेकंद लागत, तेही मध्ये काही न हरवता. आजच्या सेकंदाला १० कोटी बिटांच्या जोडणीवर तेच चित्र सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात येते. म्हणजे तेव्हा 'पान उघडत नाही' आणि 'पान उघडत आहे' यांत फरक करणेच अवघड होते. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त 'शेल' खाते असे, त्यात फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. त्यामुळे गरिबाचे पान श्रीमंताच्या पानाआधी उघडे, ही त्यातली गंमत.

तपासणीचे पहिले साधन अगदी साधे होते: फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावणे. दूरध्वनी केंद्रातून तारेवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब येत असतो, त्यामुळे घरातली वीज गेली तरी फोन चालतो. डायल टोन ऐकू आला तर केंद्रापर्यंतची तार शाबूत. भिवंडी परिसराने भारनियमनाचा मोठा त्रास सोसला आहे. २००७ च्या जानेवारीत तिथले वीज वितरण महावितरणने फ्रँचाइजी पद्धतीने टोरंट पॉवरकडे दिले. वीज गेली की संगणक बंद, मोडेम बंद, पण फोन चालू! कोणती कडी तुटली हे अंधारातही कळत होते. आज काचतंतूच्या जोडणीत ही सोय राहिलेली नाही, कारण काचेतून वीज येत नाही. वीज गेली की घरातले डबडेही विझते.

उघडलेले, पण वाचता न येणारे पान

मराठी माणसाच्या वाट्याला एक खास बिघाड आला. पान पूर्ण उतरे, पण पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ दिसे. कारण असे की नव्वदच्या दशकातले बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवीत. कोणता आकार कोणत्या क्रमांकावर, हे ज्याचे त्याने ठरवलेले. ज्या फॉन्टमध्ये पान लिहिले तोच फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसेल तर सगळा मजकूर निरर्थक. एक वृत्तपत्र वाचायला एक फॉन्ट उतरवायचा, दुसऱ्यासाठी दुसरा.

हा नावांच्या वहीचाच प्रश्न होता, फक्त वही अक्षरांची होती आणि प्रत्येकाची वेगळी. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. त्याची मांडणी भारतीय प्रमाणित संकेत 'इस्की' यावर आधारलेली होती. तरी घरच्या संगणकापर्यंत हे पोचायला वेळ लागला. विंडोज २००० आणि एक्सपीपासून देवनागरी नीट दिसू लागली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो युनिकोडवर. आज मराठी मजकूर शोधता येतो, तो या एकमतामुळे.

दूरवरचे नांगर आणि घरातले घड्याळ

३० जानेवारी २००८ रोजी भारतातले इंटरनेट एकदम मंदावले. असंख्य घरांत लोकांनी संगणक बंद करून चालू केले. बिघाड होता इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळ समुद्राच्या तळाशी. सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन तारा तिथे तुटल्या होत्या. मुंबईला युरोपशी जोडणाऱ्या वाटा १८७० प्रमाणेच १३८ वर्षांनीही त्याच चिंचोळ्या पट्ट्यातून जात होत्या. दोन दिवसांनी दुबईजवळ फाल्कन ही तिसरी तार तुटली. दुरुस्तीच्या वेळी तिथे टाकून दिलेला एक नांगर सापडला.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. देखभाल करताना दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाल तुटले. त्यामागोमाग तिच्या नावांची वही सांभाळणाऱ्या संगणकांकडे जाणारी वाटच जगाच्या नकाशावरून पुसली गेली. सर्व्हर चालू होते, पण त्यांचा पत्ता कुणाला सापडत नव्हता. १९८३ पूर्वीच्या वहीचाच हा प्रचंड आकाराचा प्रश्न. त्या रात्री दुसरे कोणतेही संकेतस्थळ उघडून पाहणाऱ्याला एका मिनिटात कळले असते की आपले नेट ठीक आहे.

याउलट काही बिघाड दूरचे वाटतात आणि असतात हाताशी. आजची बहुतेक पाने कुलूपबंद स्वरूपात येतात. सर्व्हर आधी आपले ओळखपत्र दाखवतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते आणि आपला संगणक ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. संगणकाच्या मुख्य पट्टीवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. संगणक बंद असताना तो घड्याळ चालू ठेवतो. जुन्या संगणकात हा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग संगणकाच्या मते सर्व्हरचे ओळखपत्र अजून जन्मलेलेच नसते आणि तो पान उघडायला नकार देतो.

ओळखपत्रांची मुदत उलट बाजूनेही संपते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका फार वापरल्या जाणाऱ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ज्या जुन्या संगणकांत आणि फोनमध्ये नवे प्रमाणपत्र पोचले नव्हते, त्यांवर असंख्य पाने उघडेनाशी झाली. शाळांतल्या विंडोज एक्सपीच्या संगणकांचे दुखणेही असेच आहे. त्यांचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि त्यांच्यातला जुना ब्राउझर आजची कुलपे उघडू शकत नाही. तिथे राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही.

पुन्हा कोनमध्ये

आता त्या मुलीकडे परत जाऊ. तिने काय करावे? इतिहासाने दिलेले प्रश्न क्रमाने विचारावेत. दुसरे एखादे पान उघडते का? उघडत असेल तर घरापासून कंपनीपर्यंतची वाट ठीक. तेच पान फोनवर, फोनच्या स्वतःच्या डेटावर उघडते का? उघडत असेल तर सर्व्हर ठीक, दोष आपल्या बाजूला. क्रमांकाला पिंग लागते पण नावाला नाही, असे आहे का? तर वही बिघडली. आणि सर्वांत आधी: पडद्यावरची सूचना काय म्हणते?

ही सूचना बहुतेक जण वाचतच नाहीत. '४०४' दिसले की लोक "नेट खराब आहे" म्हणतात. खरे तर ४०४ हे सर्व्हरचे उत्तर आहे. "तुझी मागणी पोचली, पण या नावाचे पान माझ्याकडे नाही" असे तो सांगतो. म्हणजे तार, वही, वाट आणि सर्व्हर या चारही कड्या शाबूत असल्याचा तो पुरावा आहे. चारने सुरू होणारे आकडे मागणीत दोष असल्याचे सांगतात, पाचने सुरू होणारे सर्व्हरचा दोष सांगतात. ५०३ आले तर घरात काही करण्यासारखे नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाहावे.

समजा, मुलीने सूचना वाचली. ती म्हणत होती, "तुमचे घड्याळ मागे आहे." कोपऱ्यातल्या घड्याळात २०१० सालचा जानेवारी दिसत होता. तारीख दुरुस्त करायला अर्धे मिनिट लागले आणि अर्ज उघडला. नवा सेल दुसऱ्या दिवशी कल्याणहून आणला. फॉरमॅट केले असते तर गुणपत्रिका गेली असती आणि त्या धावपळीत मुदतही.

वर्गात करण्यासारखे

हा उपक्रम संगणक नसलेल्या वर्गातही करता येतो. आठ मुले एका ओळीत उभी करावीत. पहिला संगणक, दुसरा राउटर, तिसरे केंद्र, चौथा नावांची वही सांभाळणारा, पाचवा, सहावा आणि सातवा वाटेतले राउटर, आठवा सर्व्हर. पहिल्याने चिठ्ठी द्यावी, ती पुढे सरकत जाऊन उत्तर परत यावे. मग शिक्षकांनी एकाच्या कानात "तू बिघडलास" असे सांगावे. बाकीच्या वर्गाने कमीत कमी प्रश्न विचारून तो कोण हे ओळखायचे. ओळीच्या सुरुवातीपासून एकेकाला विचारले तर आठ प्रश्नही लागू शकतात. प्रत्येक वेळी उरलेल्या ओळीच्या मध्यावर "इथपर्यंत चिठ्ठी येते का?" असे विचारले तर तीन प्रश्नांत काम होते, कारण आठाचे अर्धे चार, चाराचे दोन आणि दोनाचा एक. ओळीत सोळा मुले उभी केली तर किती प्रश्न लागतील, हे मुलांनीच काढावे. उत्तर ऐकून त्यांना आश्चर्य वाटेल.

पुढच्या वेळी संगणक कक्षात पान अडले की तास सोडून देऊ नये. "कुठपर्यंत ठीक आहे?" हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि मुलांना शोधू द्यावे. पान त्या दिवशी उघडेल किंवा न उघडेल, पण तपासणी न करता निदान करण्याची सवय तरी सुटू लागेल.